बुजवलेली जखम

डॉक्टरांनी चिमट्यानं अंगठ्यावरची खपली उचलली आणि खोलीभर घाण सुटली. सुताराच्या बायकोनं रुमाल नाकाशी दाबला.

"हे काय भरलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भुसा आणि सरस," सुतार म्हणाला. "पटाशी लागली होती. भेग बुजवली."

"वरून घासलंयसुद्धा?"

"पॉलिश पेपरनं. हलक्या हातानं."

आवाजात चक्क ऐट होती. बायकोला वासापेक्षा त्या ऐटीची जास्त किळस आली. अंगठा आधी लाल झाला, मग टम्म फुगला, मग तव्यासारखा तापला. आणि हा बाबा आपला, "काही नाही गं, मस्त बसलंय," म्हणत घरभर मिरवत होता!

डॉक्टरांनी दाबलं. हिरवट पिवळा पू भुशासकट बदाबदा आला.

"लाली, सूज, ताप ही सगळी अंगाचीच धडपड होती," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घाण आत कोंडून वरून दार लावून घेतलंत. अहो, जखम तळापासून भरत येते. तीही मांस जिवंत असेल तर."

"अंगठा राहील ना?" तिनं विचारलं. अंगठ्याशिवाय पटाशी धरता येत नाही, आणि पटाशीशिवाय नवऱ्याला दुसरं काही येत नाही.

"तळाशी दुखलं तर राहील. म्हणून तर भूल दिली नाही." त्यांनी चिमटा आणि ओल्या कापडाची पट्टी तिच्या हातात दिली. "रोज घरी तुम्हालाच भरायचीय. आत्ताच शिका."

तिनं पट्टी आत सारली. आतलं मांस बुळबुळीत, राखाडी होतं. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधीचं.

"दुखतंय?"

तो भिंतीकडे बघत राहिला. बाईमाणसासमोर हूं की चूं करायचं नाही, हा त्याचा जुना बाणा.

"अहो, ओरडा की!" तिचा आवाज चिरकला. "मेलं आता तरी ओरडा!"

तिनं चिमटा आणखी खोल नेला. तो असा बोंबलला की बाहेर बाकावरचा म्हातारा उठून उभा राहिला.

ती धावत बेसिनपाशी गेली आणि भडाभडा ओकली. मग चूळ भरून परत आली, चिमटा उचलला आणि म्हणाली, "अंगठा इकडे करा. पट्टी अजून तळापर्यंत गेली नाही."