डावीकडं जमीन, उजवीकडं रेशन

मंद्रूपच्या आठवडी बाजारात ऋतुजानं आपल्या चॅनेलसाठी चर्चा लावली आणि माणसांची सरळ वाटणी करून टाकली. ज्याच्या नावावर जमीन तो डावीकडं, जिच्या नावावर रेशनकार्ड ती उजवीकडं. मध्ये माइक घेऊन ती स्वतः.

डावीकडचा जोतिराम तावातावानं उठला. "फुकट गहू-तांदूळ मिळतोय, मग खुरपायला कोन येतंय? बंद करा की ते रेशन!"

त्याच्या बाजूनं टाळ्या पडल्या.

उजवीकडून दिपाली उठली. "बंद केलं तर माझी चूल पेटायची न्हाय. आन खुरपायला मी रोज जाते की. उन्हातान्हात, एक पैसाबी न मिळता!"

उजवी बाजू उसळली. कुणीतरी पायातली चप्पल हातात घेतली. ऋतुजानं माइक दिपालीच्या तोंडापुढं धरला. असा फुकट राबवून घेणारा मालक कॅमेऱ्यासमोर उघडा पाडायची संधी रोज थोडीच येते?

"कुणाच्या शेतात, ताई? नाव सांगा."

दिपालीनं मान खाली घातली. जोतिराम बसल्या जागी चुळबुळायला लागला.

"घाबरू नका, आम्ही आहोत. नाव घ्या त्याचं!"

"नाव घ्या! नाव घ्या!" सगळा बाजार ओरडायला लागला.

दिपालीनं डोक्यावरचा पदर सावरला.

"घाबरतंय कोन? नवऱ्याचं नाव चारचौघांत घेत न्हाय आमी." मग डावीकडं बघत ती म्हणाली, "आन रेशन बंद करा म्हनत्यात, पर सकाळी त्योच भात दोनदा मागून घितला त्येंनी."