दोन इंजेक्शनं

चौदा नंबरच्या उंदरिणीनं नराच्या थोबाडावर सणसणीत लाथ हाणली. मिनेगिशीबाईंनी नोंदवहीत रबरी शिक्का मारला: 'नकार'. दहापैकी दहावा.

"इंजेक्शनं दिली होती ना?" कुवाबारा सरांनी अंधारातून विचारलं.

"दोन्ही दिली, सर. पहिलं परवा, दुसरं आज सकाळी."

सरांची अख्खी हयात या दोन इंजेक्शनांवर गेली होती. परवा एक हार्मोन, आज दुसरं, की चार तासांत कुठलीही उंदरीण पाठ खोलगट करून, शेपूट बाजूला घेऊन नराला हो म्हणते. "मादीचं मन मन म्हणतात ना, ते एवढंच!" असं सर दरवर्षी पहिल्या तासाला सांगत आणि स्वतःच हसत.

"मग ही भवानी का ऐकत नाही?"

"हार्मोन मेंदूपर्यंत पोचलंय, सर. पण तिथं त्याला धरून घेणारे रिसेप्टर असतात, ते मी आधीच बंद केले होते. निरोप आला, पण घ्यायला घरात कोणी नाही."

शोध मोठा होता. बाईंनी त्यापायी अकरा वर्षांचे रविवार उंदरांत काढले होते. लेखावर पहिलं नाव लागलं तर कायमची नोकरी, नाही लागलं तर मार्चअखेर घरी.

"वा! पहिलं नाव मात्र एजिरीचं टाकू," सर म्हणाले.

एजिरी म्हणजे सरांचा जावई, म्हणजे दहावा ग्रह. गेल्याच आठवड्यात त्यानं पिंजऱ्यात डोकावून विचारलं होतं, "यातली मादी कुठली?"

बाईंना आश्चर्य वाटलं नाही, संताप मात्र आला. सरांची रीत प्रयोगशाळेत सगळ्यांना पाठ होती. परवा चारचौघांत कौतुक: "मिनेगिशीबाई म्हणजे माझी लेकच!" आज सकाळी टेबलावर योकानच्या गोड वड्यांची पेटी. चार तासांनी बाई वाकून हो म्हणणार. याआधीचे दोन शोध असेच जावईबापूंच्या घशात गेले होते.

"योकान खाल्लंत ना?" सरांनी संमतीचा कागद पुढे सरकवला, सोबत आपली लाल शाईची डबी. "इथं सहीऐवजी तुमच्या नावाचा शिक्का उठवा. दिवा नका लावू, उंदीर बिथरतात."

भर दुपारी त्या खोलीत फक्त लाल दिवा असे. लाल दिव्यात लाल शाई दिसत नाही, म्हणून तिथल्या नोंदी निळ्या शाईत होत. पण सरांनी कित्येक वर्षांत स्वतः एक नोंद केली असेल तर शपथ.

बाईंनी हातातला शिक्का पुसून लाल शाईत बुडवला, कागदावर दाबून उठवला आणि नेहमीसारख्या कमरेत वाकल्या.

"शहाण्या आहात," सर म्हणाले आणि कागद घेऊन बाहेर पडले.

क्षणभरानं व्हरांड्यातून ओरड आली. "अहो बाई! इथं 'नकार' काय उठलंय?"

"चौदा नंबरसारखंच झालं, सर," बाई पिंजऱ्याचं दार लावत म्हणाल्या. "इंजेक्शनं दोन्ही पोचली. घ्यायला घरात कोणी नाही."