साडेबाराचा नमुना

बाराच्या ठोक्याला शामलाने पहिल्या बरणीतलं पाणी गाळून परीक्षानळीत घेतलं, त्यात औषधाचे दोन थेंब टाकले आणि नळी खिडकीशी धरली. पाणी निळं झालं, पण साडेअकरापेक्षा बरंच फिकं. म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट संपत आलं होतं. तीन आठवडे फॉस्फेटाशिवाय उपाशी ठेवलेलं समुद्री शेवाळ सकाळपासून ते नुसतं ओरपत होतं. गरजेच्या कितीतरी पट आत ओढून साठवून ठेवत होतं. प्रोफेसर मुकुंदरावांना नेमकं हेच सिद्ध करायचं होतं. मध्यभारत राज्य विलीन होऊन संपलं होतं, आणि सोमवारी नव्या राज्याची निवड समिती ग्वाल्हेरला येऊन कोण विभागप्रमुख राहणार अन् कोण घरी बसणार ते ठरवणार होती.

दौलतसिंह चपरासी चहा घेऊन आला. कप ठेवला, पण जागचा हलेना.

"बाईसाब, मिठाई नहीं खिलाई आपने," तो रुसून म्हणाला. "भोपाल में पक्की नौकरी लग गई और हमें पूछा तक नहीं. लिफ़ाफ़ा तो हम ही लाए थे, दशहरे से पहले."

"कसला लिफाफा?"

"सरकारी. साहब बोले, हम दे देंगे."

तिचा चेहरा बघून आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं. तो घाईने निघून गेला.

दसऱ्याला ती मुकुंदरावांच्या घरी सोनं द्यायला गेली होती. त्यांच्या पाया पडली होती. "यशस्वी हो," असं ते चांगलं डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते.

ती शेजारच्या खोलीत गेली. मुकुंदरावांनी आढेवेढे घेतले नाहीत. खण उघडून फोडलेला लिफाफा तिच्यापुढे टाकला. हजर व्हायची तारीख आजची होती: संध्याकाळी पाचपर्यंत भोपाळला पोचावे, अन्यथा नेमणूक रद्द समजावी. वेळेत पोचवणारी सकाळची गाडी जाऊन चार तास झाले होते.

"सर, हे मला द्यायचं होतं."

"दिलं असतं तर तू गेली असतीस."

"हो, गेलेच असते."

"मग माझं शेवाळ कोणाच्या हवाली करायचं?" त्यांनी चहाचा घोट घेतला. "इथे एकालाही धड पाणी गाळता येत नाही. तुझा हात तीन वर्षांत एकदाही चुकला नाही."

"माझी इथली जागा या महिन्यात संपतेय, सर."

"माहीत आहे. वाईट वाटतं. शोधनिबंधात तुझे आभार मानीन मी."

आभार म्हणे! दाना ओळ मोहल्ल्यात भावाच्या घरी भावजय तिला दोन पोळ्या वाढायची आणि तिसरी मागायच्या आत डब्याला झाकण लावायची. भोपाळ म्हणजे स्वतःची खोली, स्वतःची चूल. शामलाला रडू आलं नाही. त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

"जा, साडेबारा होताहेत," मुकुंदराव म्हणाले. "नमुना चुकायला नको."

ती गेली. तिन्ही बरण्यांतलं पाणी गाळलं, थेंब टाकले. तिन्ही नळ्यांतलं पाणी नितळ, बिनरंगाचं राहिलं. शेवाळानं फॉस्फेटाचा कण शिल्लक ठेवला नव्हता. मुकुंदरावांचं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि तिची तीन वर्षंही सार्थकी लागली होती. तिने ते क्षणभर डोळे भरून पाहिलं आणि मोरीत ओतून दिलं.

मग नवा नमुना घेतला. काचेची काडी फॉस्फेटाच्या बाटलीत बुडवली, त्या काडीने पाणी ढवळलं, आणि मग थेंब टाकले. पाणी सकाळी सुरुवातीला होतं तितकं गडद निळं झालं. दुसरी नळी, तिसरी नळी, तसंच.

"सर, जरा येता?"

मुकुंदरावांनी नळ्या पाहिल्या. चष्मा काढून पुन्हा पाहिल्या.

"साठवलं नाही, सर," शामला म्हणाली. "घेतलं तेवढं सगळं परत टाकलं."

"असं होणार नाही. पुन्हा घे."

तिने त्यांच्यासमोर पुन्हा घेतला. काडी तीच होती, नुकतीच बाटलीतून काढलेली. मुकुंदरावांचं लक्ष फक्त रंगावर होतं. पाणी निळं झालं.

"तुझी चूक नसणार," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "तुझी चूक होत नाही." आणि मग बाकी उरते ती आपलीच चूक, हे त्यांच्या ध्यानात आलं. रत्नागिरीहून आलेल्या समुद्राच्या पाण्याचा शेवटचा डबा याच बरण्यांत गेला होता. नवा यायला महिना लागला असता, आणि समिती परवा यायची होती. साठीचा माणूस एकदम म्हातारा दिसला.

शामलाला आनंद झाला. इतका झाला की तिची तिलाच भीती वाटली.

"बंद कर आता," मुकुंदराव कसेबसे म्हणाले. "घरी जा."

"असं कसं, सर? सहा वाजेपर्यंत दर अर्ध्या तासाला नमुना घ्यायचं ठरलंय." तिने काडी परत फॉस्फेटाच्या बाटलीत ठेवली आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. "अजून अकरा बाकी आहेत. बसा ना, सगळे तुमच्यासमोरच घेते."