मीन्याचा हार

"हा नको. दुसरा दाखवा," कस्तुराबाई म्हणाल्या.

मिनलने अकरावा ट्रे मागे घेतला. पिंपरीतल्या या पेढीवर गेली सहा वर्षं ती नवऱ्या मुलींना दागिने दाखवत होती. कुठल्या शालूवर कुठल्या रंगाचा मीना खुलतो, हे ती झोपेतही सांगू शकली असती. पण अशी सासू तिने पाहिली नव्हती. मीन्याचं काही समोर आलं की बाई तोंड फिरवायच्या.

"लग्न चार दिवसांवर आलंय, मावशी. शालू कुठल्या रंगाचा आहे?"

"पिवळा," पिंकी हळूच म्हणाली. नवरी तीच. परभणीकडची पोर, आईबाप नाहीत, मामाने वाढवलेली. मध्यस्थाने लग्न जमवलं आणि तिला इकडे आणलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली होती, कुणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं अशी.

"पिवळ्यावर हिरवा-निळा मीना. डोळे मिटून घ्या," मिनल म्हणाली आणि तिने मोराचा हार काढला. पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा रंगवलेला. "मागूनसुद्धा मीना आहे बघा. मागची बाजू फक्त घालणारीलाच माहीत."

"आये, हाच!" सनी म्हणाला. नवरदेव. पुनावळ्यात पाण्याचे टँकर चालवायचा, माणूस दिलदार. आल्या आल्या त्याने दुकानातल्या सगळ्यांना कोल्ड्रिंक मागवलं होतं. हार त्याने स्वतःच पिंकीच्या गळ्यात घातला आणि मागचा फासा आवळला. "लोकांनी बघितला पाहिजे राव. काय गं, पळून तर नाही ना जाणार?"

तो हसला, मिनलही हसली. पिंकीने मान खाली घातली.

ही चेष्टा उगाच नव्हती. सनीची पहिली बायको, करिष्मा, चार वर्षांपूर्वी अंगावरच्या दागिन्यांसकट पळून गेली, असं सगळं पुनावळं सांगत होतं. तिच्या माहेरच्यांनीही लाजेने तिचं नाव टाकलं. पुढे कोर्टातून सोडचिठ्ठी मिळाली. कस्तुराबाईंचं मात्र तेव्हापासून जगण्यावरचं मनच उडालं. हळदीकुंकू बंद, देऊळ बंद, पोटात अन्न जाईना. ही दुसरी आणायला त्यांचा जीव धजत नव्हता, पण घरात त्यांचं ऐकतो कोण? दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. कस्तुराबाई तर नुसत्या फुंकतच बसल्या होत्या.

पिंकीचा फोन वाजला. ती उठून दाराशी गेली आणि हळू आवाजात बोलू लागली. कस्तुराबाईंची नजर तिच्या पाठीवर खिळली.

"कुनाचा गं?" ती परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"मामाचा, आत्याबाई. जेवलीस का म्हणून इचारायलेत."

"फोन बघू," सनीने हात पुढे केला. नंबर पाहिला, आधीचेही पाहिले, आणि हसून फोन परत दिला. "जपावं लागतं, मॅडम. एकदा ठेच लागलीय."

मिनलला मायलेकांची कीव आली. एवढा खर्च करायचा आणि वर धाकधूक.

सनी पलीकडे अंगठ्या बघायला गेला तशा कस्तुराबाई काउंटरवर वाकल्या. "एक इचारू? समजा चोरीला गेलं. तर चोराला ह्यातलं काय खपवता येतं?"

"साधं सोनं कुठलाही सोनार घेतो, मावशी. मीन्याचं तसं नाही. वितळवताना रंगाचं वजन जातं. त्यात एवढा मोठा मोर, लगेच ओळखू येईल. चोरसुद्धा दहादा विचार करेल."

"म्हंजे मीन्याचं खपत न्हाई."

"नाही. म्हणूनच म्हणते, मीन्याचंच घ्या."

"मग मोहनमाळ काढा. आन् साध्या पाटल्या. मीन्याचा ठिपकाबी नगं."

बाईंनी नेमकं उलटं ऐकलं, असं मिनलला वाटलं. पण गिऱ्हाइकाशी वाद कोण घालणार? शेवटी सनीच्या हट्टाचा मोराचा हार, आणि बाकीचं सगळं साधं, असं ठरलं.

"पोरी, तुझं आधार कार्ड दे इकडं," कस्तुराबाई म्हणाल्या.

पिंकीने निमूट काढून दिलं. "आये, तू लई पुढची निघालीस," सनी खूश झाला. "आता कुठं जाती?"

पैसे भरून तो गाडी आणायला गेला. बाजारात जागा नव्हती म्हणून त्याने ती पुलापलीकडे लावली होती. कस्तुराबाईंनी काउंटरवर पावती करून घेतली आणि पिंकीला आतल्या आरशाच्या खोलीत नेलं.

दार लोटल्याबरोबर पिंकीला रडू फुटलं. "आत्याबाई, मी तसली नाही हो. तुमच्या पायाची शपथ, मी कुठं नाही पळणार."

कस्तुराबाईंनी तिच्या गळ्यातला मोराचा हार काढून टेबलावर ठेवला. मोहनमाळ, पाटल्या, पावती आणि आधार कार्ड एका कापडी पिशवीत घालून पिशवी तिच्या हातात कोंबली.

"पावती तुझ्या नावाची हाय. कुठलाबी सोनार घेईल. ह्या मागच्या जिन्यानं उतर, रिक्षा कर आन् वल्लभनगरला जाऊन मिळंल ती यष्टी पकड. मामाकडं जाऊ नगंस, पयला तिथंच बघंल त्यो."

पिंकी बघतच राहिली. "आन् तुमचं?"

"माझं काय व्हायचं ते चार वर्सामागंच झालं. नीघ."

"पण लोक म्हणतील, हीबी करिष्मासारखी पळाली."

"करिष्मा कुठं पळाली, पोरी?" कस्तुराबाई म्हणाल्या. "आमच्या अंगणात शिमिटाचा कोबा हाय न्हवं, त्येच्याखाली हाय ती."