कोयता चौदा

ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या सूर्यभान मुकादमाच्या मोबाईलमधल्या नोट्सच्या ॲपचा नुसता उकिरडा झाला होता. नगरला नर्सिंगला नंबर लागलेली त्याची लेक आरती, जायच्या आधी, त्याचं होम पेज नीट लावून देत होती. मागे खंडोबाचा फोटो, कडेला ट्रॅक्टरवाल्यांचे नंबर.

"आण्णा, सगळ्यात वर काय ठेवू?"

"कोयत्यांची यादी. कारखान्याला चौदा कबूल केल्यात. एकबी कमी चालायचा न्हाई."

एक कोयता म्हणजे ऊस तोडणारं एक नवरा-बायकोचं जोडपं. आरतीने यादी ओढून वर आणली, अक्षर मोठं केलं आणि शेवटपर्यंत नीट दिसतंय ना, म्हणून वाचत खाली गेली.

कोयता तेरा : सहादू – चांगुणाबाई

कोयता चौदा : वाल्मिक – आरती

"आण्णा, वाल्मिकचं लग्न कधी झालं? अन् ही आरती कुठली?"

सूर्यभानने तिच्या हातून मोबाईल घेतला. होम पेजवरून हळूच बोट फिरवलं.

"लई झ्याक लावलंस," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "दसऱ्याच्या आत उरकायचं हाय."