गणपतरावांची विहीर

बादली विहिरीत गेली, पण बुडालीच नाही.

कृष्णकांतनं दोर झटकला. तरी नाही. मग त्यानं वाकून पाहिलं, तर पाणी कुठं दिसेचना. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती हिरवी पानं, एकमेकांना खेटून, आणि त्यांच्यावर बादली मांजरासारखी ऐटीत बसलेली.

सक्करदऱ्याकडचं हे घर त्यानं दिवाळीत घेतलं होतं, तेही या विहिरीसाठी. चांगली रुंद, उघडी, गोड पाण्याची. घर विकणारे गणपतराव म्हणाले होते, पाणी आरशासारखं आहे. आणि गणपतराव म्हणाले म्हणजे झालं. मोहल्ल्यात दोन भावांचं वाजलं, कुणाचा बांध सरकला, की लोक त्यांनाच बोलावत. ते बोलले की वाद मिटला. म्हातारपणी त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं, पण त्यांच्या शब्दाला मान होता.

संक्रांतीला कोपऱ्यात ओंजळभर पानं दिसली, तेव्हा कृष्णकांतला उलट मौजच वाटली होती. तो शाळेत मास्तर. नवीन काही दिसलं की त्याला राहवत नसे. आता त्यानं एक रोप ओढून काढलं आणि सुरीनं देठ चिरला. आत पोकळ, अंग घासायच्या दोडक्याच्या जाळीसारखं. मुळं मातीत नाहीत, चिखलात नाहीत, पाण्यातच लोंबणारी. मग हे आलं कुठून?

त्यानं विहिरी साफ करणाऱ्या कवडूला आत उतरवलं. कवडूनं टोपल्यांवर टोपल्या वर दिल्या. होळीपर्यंत विहीर पानांनी पुन्हा भरली. पाण्याला वास यायला लागला. कृष्णकांतची बायको सुमती शेजारच्या शोभाताईंकडून घागरी आणू लागली.

कृष्णकांतनं मोहल्ल्यातल्या झाडून सगळ्या पुरुषमाणसांना विचारलं. कुणी म्हणालं, बगळ्याच्या पायाला लागून येते. कुणी म्हणालं, झऱ्यातून वर येते. पठ्ठ्या रविवारभर बगळे पाहत बसला. एकही बगळा विहिरीकडे फिरकला नाही.

शेवटी शोभाताईच घागर भरताभरता बोलून गेल्या.

"घर इकायच्या आधी गणपतरावानं विहीर उपसून घेतली होती. तुमाले नाही सांगितलं काय?"

झालं. कृष्णकांतच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही लपवायचं असल्याशिवाय माणूस अख्खी विहीर उपसतो कशाला?

देवळाच्या ओसरीवर माणसं जमली. गणपतराव एरवी जिथं बसून निवाडा सांगत, तिथं आता मोहल्ल्यातले दुसरे वडीलधारे बाबाराव बसले होते, आणि गणपतराव त्यांच्या समोर. कृष्णकांतनं पानांची टोपली मध्ये ठेवली आणि देठ चिरूनही दाखवला. बाबारावांनी विचारलं, विहीर उपसली होती काय. गणपतराव हो म्हणाले.

"काहून?"

"घर द्यायचं म्हणजे विहीर साफ करून द्या लागते गा. घाण विहीर कोणी देते काय कोणाले?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. गणपतरावांनी तिकडे पाहिलं नाही. ते कृष्णकांतकडे वळले.

"मास्तर, ही पानं मी जन्मात पाहिली नाही. पाणी नितळ होतं, मी एवढंच सांगू शकतो. तुमाले पटत नसन, तर घर मी वापस घेतो."

आणि घेतलंही. एका शब्दानं कुरकुर केली नाही. तिथंच त्यांचं बिघडलं. लोक म्हणाले, खरा असता तर भांडला असता.

त्यानंतर एकदा बांधाच्या वादात ते सवयीनं ओसरीवर आले. खाकरून बोलायला लागले, तर बाबाराव दुसऱ्यांशी उन्हाच्याच गोष्टी करू लागले. गणपतराव काठी उचलून घरी गेले. पुन्हा त्यांना कोणी बोलावलं नाही. सकाळी जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते बांबूनं विहिरीतली पानं ओढताना दिसत, एकटेच.

कृष्णकांतला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण खरं ते बाहेर आलं होतं, आणि ते आपण शोधून काढलं याचं त्याला आत कुठंतरी बरंही वाटत होतं.

अक्षय तृतीयेला त्यानं धरमपेठेत दुसऱ्या घरात पाऊल ठेवलं. या वेळी आधी विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी असं, की तळाचे दगड मोजून घ्यावेत. पूजा झाली, पाहुणे जेवायला बसले. सुमतीचे थोरले भाऊ मनोहरराव रेल्वेत गार्ड, कलकत्त्याच्या गाडीवर. तेही ड्युटीवरून थेट आले, हातात ओल्या फडक्यानं झाकलेली टोपली घेऊन.

मागच्या अंगणात बायका विहिरीची ओटी भरत होत्या. हळदकुंकू झालं, खण-नारळ झाला. ते बायकांचं काम, तिथं पुरुष थांबत नाहीत. कृष्णकांत पंगतीसाठी घागर भरून न्यायला आला होता, तो मागच्या दारातच थबकला. सुमतीनं टोपलीतून फिकट जांभळ्या फुलांचा एक तुरा काढला, चांगला पानं-मुळांसकट, आणि वाकून अलगद पाण्यावर सोडला.

"मुळासकट सोडलं की फूल जास्त टिकते म्हणते दादा," ती पूजेला आलेल्या शोभाताईंना सांगत होती. "दिवाळीत त्या घरच्या विहिरीची ओटी भरली, तवाबी दादानं हेच आणून देल्लं होतं."