किंकाळीचा टेक

"ताई, काळीज फाटलं पाहिजे ऐकणाऱ्याचं," हेडफोनमधून दिग्दर्शकाचा आवाज आला. "पुन्हा घेऊ."

ताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि परत माइकसमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर तेच दृश्य सुरू झालं. आई खोलीचं दार उघडते, पलंगावर मुलगी निपचित पडलेली, आईच्या हातातला कप खाली पडतो आणि तिचं तोंड हे एवढं उघडतं. त्या उघड्या तोंडात ताईंनी किंकाळी घालायची होती. नटीला भाषा येत नव्हती, म्हणून चेहरा तिचा आणि आवाज ताईंचा. दुसऱ्यांच्या ओठांवर आवाज बसवण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. किंकाळ्या तर त्यांच्या डाव्या हातचा खेळ. आज मात्र घशातून हूं का चूं निघेना.

काचेपलीकडे, रेकॉर्डिस्टच्या शेजारी, त्यांची लेक बिस्किटांचा पुडा घेऊन बसली होती. शाळकरी पोर, पण ताडमाड वाढलेली, म्हणून घरात तिला सगळे गमतीने बुटकी म्हणायचे. जीव द्यायला निघालेली ही पोर हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, तिला एकटं ठेवू नका. तेव्हापासून ताई जातील तिथे ती. इथे कुणाला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. शाळेला सुट्टी आहे, असं ताईंनी ठोकून दिलं होतं. पोरीकडे पुन्हा कुणी त्या नजरेने बघू नये, एवढीच त्यांची धडपड. आणि आज नेमका हा सीन. पण डबिंगवाल्याला आधी कोण सांगतं? पडद्यावर सीन लागतो तेव्हाच कळतं काय वाढून ठेवलंय ते.

"थोडं मागून लाव रे," दिग्दर्शक रेकॉर्डिस्टला म्हणाला. "ताईंना मूड येऊ दे."

मागे आदल्या रात्रीचं दृश्य होतं. मुलगी पांढऱ्या झग्यात खिडकीशी बसलेली. केस रेशमासारखे मोकळे, गालावर बेताचा एक थेंब, आणि व्हायोलिन तर असं की थांबायचं नाव नाही.

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रेशमासारखे केस म्हणे. बुटकी कितीतरी दिवस अंबाडा सोडतच नव्हती. वरून चापूनचोपून, आणि आत पार जटा झालेल्या. ते दिसलं हॉस्पिटलातल्या नर्सला, आणि शेवटी कात्रीच लावावी लागली. आणि आदल्या रात्री कसलं आलंय व्हायोलिन? रिमोटवरून ती भावाशी भांडली होती. बापाच्या घोरण्याची नक्कल करून तिने सगळ्यांना पोट धरधरून हसवलं होतं. मग उद्या डबा नको म्हणाली आणि झोपायला गेली. नंतर मात्र जो तो ताईंनाच विचारून गेला, आई असून तुला कळलं कसं नाही? सख्ख्या बहिणीनेसुद्धा सोडलं नाही. लोक हे कुठून शिकून येतात, ते आता ताईंच्या डोळ्यांसमोर पडद्यावर चाललं होतं.

"काय गं," दिग्दर्शकाने बुटकीला विचारलं. त्याचा माइक चालूच होता, ताईंना सगळं ऐकू येत होतं. "तुझ्याच वयाची आहे ही. आलं की नाही रडू?"

"नाही," बुटकी म्हणाली. "एवढी सगळ्यांसमोर रडतेय, तर घरात कुणी विचारत कसं नाही तिला?"

दिग्दर्शक हसला. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. "तू हसरी आहेस गं, तुला नाही कळायचं. अशा मुली बघताक्षणी ओळखू येतात. आम्ही वर्षभर अभ्यास केलाय यावर. बाकी, हे छोटे केस झकास दिसतात हं तुला."

बुटकी हसली आणि तिने पुडा त्याच्यापुढे धरला. त्याने एक बिस्किट उचललं.

लाल दिवा लागला. पडद्यावर दार उघडलं, कप पडला, नटीने आ वासला.

"ऊठ गं बुटके," ताई हळूच म्हणाल्या. "उशीर होतोय. ऊठ ना. मी आहे इथे."

त्या सकाळी त्या ओरडल्याच नव्हत्या. ओरडलं तर पोर दचकेल आणि आणखी लांब जाईल, असं काहीतरी खुळं त्यांच्या डोक्यात आलं होतं. ॲम्ब्युलन्समध्येसुद्धा त्या हेच म्हणत होत्या, रोज शाळेसाठी उठवायच्या त्याच आवाजात.

"ताई, हे काय? तिचं तोंड उघडं आहे. ओठांना बसत नाहीये."

"नाहीच बसायचं." ताईंनी हेडफोन काढून स्टँडला अडकवले आणि काचेजवळ आल्या. "किंकाळी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. आणि एक सांगा. हे बघून एखादी बाई घरी जाईल, आपली पोर हसतेय म्हणून निवांत झोपेल. सकाळी तिच्या दारात तुम्ही उभे राहणार आहात?"

"अहो ताई, एवढं काय मनाला लावून घेता? सिनेमा आहे हा."

ताईंच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण ते सांगायचं की नाही, हे पोरीने ठरवायचं होतं. त्यांनी दातओठ खाल्ले आणि दार ढकलून बाहेर आल्या.

बुटकीने आईची पर्स खांद्याला लावली. उरलेला पुडा टेबलावर ठेवला. मग दिग्दर्शकाकडे वळून, बिस्किट घ्या म्हणाली असती तशाच आवाजात म्हणाली, "सर, आदल्या रात्री पण मी हसरीच होते."

मायलेकी निघून गेल्या. दिग्दर्शकाच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. समोर पडद्यावरची आई आ वासून थांबली होती, आणि तिच्या तोंडी घालायला कुणाकडेच काही नव्हतं.